सुजेवरची गोळी

तलावावर सगळे त्यांना ताईच म्हणत. पोहायला शिकणारी पोरं ताई म्हणत, त्या पोरांच्या आया ताई म्हणत, आणि सकाळच्या पहिल्या बॅचला डुंबायला येणारे निवृत्त आजोबासुद्धा "ताई, आज पाणी फार गार आहे हो," असं गाऱ्हाणं घेऊन त्यांच्याकडेच येत, जणू पाणी तापवायचं काम ताईंकडे होतं. ताई खमक्या. "पाणी गार नाही काका, तुम्ही अजून कोरडे आहात. उतरा आधी," असं म्हणून त्या शिट्टी फुंकायच्या आणि आजोबा मुकाट्याने पायऱ्या उतरायचे.

शिकवणं आणि राखण करणं, दोन्ही कामं त्यांचीच. खोल बाजूला एक उंच लोखंडी खुर्ची होती. त्या खुर्चीवर बसलं की पाण्यावरून नजर काढायची नाही, हा त्यांचा स्वतःला घातलेला दंडक. कोणी बोलायला आलं तरी त्या त्याच्या तोंडाकडे न बघता बोलत. "ताई बोलतात माझ्याशी आणि बघतात दुसऱ्याच्या पायांकडे," अशी बायकांच्या बॅचमध्ये थट्टा चालायची.

इतकी वर्षं पाण्यात हात मारून त्यांचा उजवा खांदा पार कामातून गेला होता. तो दुखला की त्या दुखण्यावरची आणि सुजेवरची एक गोळी घ्यायच्या. आधी कधीमधी, मग रोज, मग सकाळ-संध्याकाळ. गोळ्यांची पट्टी ट्रॅकसूटच्या खिशातच असायची. पेपरमिंट तोंडात टाकावं तशी गोळी टाकायची, वर घोटभर पाणी प्यायचं आणि कामाला लागायचं. कोणा डॉक्टरला विचारावं असं त्यांना कधी वाटलंच नाही. साधी गोळी, सगळं जगच घेतं, त्यात विचारायचं काय?

एके दिवशी दुपारची बॅच संपवून त्या संडासात गेल्या. उठून बघतात तर भांड्यात लालभडक.

आधी त्यांना वाटलं, आपल्या आधी आलेल्या कोणाचं असेल. मग वाटलं, काल बीट खाल्लं होतं का आपण? बीट त्यांना आवडत नसे, घरात आणलेलंही नव्हतं, तरी त्या दाराला टेकून कालच्या जेवणात बीट शोधत राहिल्या. शेवटी पाणी ओढलं आणि ते सगळं गरगरत खाली गेलं. हात धुताना आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. पाण्याबाहेर काढलेल्या माणसाचा असतो तसा पांढरा.

'मूळव्याध असेल,' त्यांनी स्वतःला सांगितलं. येताना दुकानातून मलम घेतलं. घरी अवाक्षर काढलं नाही.

पण ते मलमाने आवरण्यातलं नव्हतं. रक्ताबरोबर चिकट आव पडायला लागली. पोटात पीळ पडायचा आणि तो पडला की थांबायला सवडच नसायची. आत्ता म्हणजे आत्ता. बाजारात, बँकेत, बसथांब्यावर, कुठेही गेल्या की त्या आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवायला लागल्या. सकाळी घराबाहेर पडायच्या आधी दोनदा जायच्या, तरी वाटेत घाम फुटायचा. ताईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात काम करायचा, लोकांचे डोळे तपासायचा. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

"अगं, तुझा चेहरा किती उतरलाय."

"उन्हाने हो."

"तलावावर छप्पर आहे ना?"

ताई आत निघून गेल्या. पण त्या दिवसापासून नवरा त्यांच्या ताटाकडे बघायला लागला. आणि ताईंनी दिवसभर उपाशी राहायची नवी युक्ती काढली. पोटात काही नसलं तर बाहेर काय येणार? वजन झरझर उतरलं. बायकांच्या बॅचमध्ये कौतुक सुरू झालं. "ताई, काय छान बारीक झालात हो! आम्हालाही सांगा की काय करता ते." ताई हसायच्या, खिशातली पट्टी काढायच्या आणि आणखी एक गोळी घ्यायच्या, कारण आता खांद्याबरोबर गुडघेही दुखत होते.

तलावाचा नियम साधा होता. राखणदार खुर्चीवरून उठला तर शिट्टी मारून सगळ्यांना पाण्याबाहेर काढायचं, मगच जायचं. पण शिट्टी मारली की बायका काठावर येणार, "काय झालं?" विचारणार, आणि दिवसात चारदा शिट्टी मारली तर काय झालं ते सगळ्यांना कळणार. म्हणून ताईंनी शिट्टीच टाळली. पीळ आला की त्या तिकीट खिडकीवरच्या काकांना हाक मारायच्या, "काका, जरा लक्ष ठेवा, आलेच." काका बिचारे यायचे, खुर्चीखाली उभे राहायचे. काकांना पोहता येत नव्हतं. हे ताईंना माहीत होतं.

एका दुपारी आत जरा जास्तच वेळ लागला. बाहेरून आरडाओरडा ऐकू आला, पण बायका नेहमी खिदळतातच, असं वाटून त्या बसून राहिल्या. मग त्या ओरडण्यातला एक आवाज वेगळा वाटला. ताईंनी तसंच उठून, कपडे सावरत, ओल्या फरशीवरून घसरत धाव घेतली.

काठावर एक बाई कुशीवर पडली होती. शिवणकाम करणारी, पन्नाशीची, नुकतीच तरंगायला शिकलेली. उथळ पाण्यातून मधल्या दोराखालून खोल बाजूला गेली, पायात गोळा आला आणि गटांगळ्या खाऊ लागली. बॅचमधल्या एका धीट शिक्षिकेने केसांना धरून तिला ओढत काठाला आणलं होतं. बाई खोकत होती, प्रत्येक खोकल्याबरोबर पाणी बाहेर पडत होतं, ओठ निळसर झाले होते. काका हातात तरंगतं कडं घेऊन पुतळ्यासारखे उभे होते. ते कडं त्यांनी फेकलंच नव्हतं.

सगळ्या बायकांनी वळून ताईंकडे बघितलं.

ताईंनी बाईला नीट वळवलं, पाठीवर थोपटलं, टॉवेलात गुंडाळलं, रुग्णवाहिका बोलवायला लावली. हात सवयीने सगळं करत होते, पण आतून त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. रुग्णवाहिका गेली तेव्हा त्या खाली बसल्या आणि दात वाजायला लागले. बाहेर कडक ऊन होतं.

शिवणकाम करणारी बाई वाचली. एक रात्र दवाखान्यात ठेवून तिला घरी सोडलं. तलावाचे व्यवस्थापक म्हणाले, "जाऊ द्या ताई, वाचली ना? होतं असं कधीतरी."

"नाही होत असं," ताई म्हणाल्या. "मी खुर्चीवर नव्हते. कुठे होते ते विचारा मला."

व्यवस्थापकांनी विचारलं नाही, तरी ताईंनी सांगितलं. रक्त, पीळ, काका, न मारलेली शिट्टी, सगळं. व्यवस्थापक टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत ऐकत होते, बाईमाणसाच्या तोंडून असलं ऐकताना कुठे बघावं ते त्यांना सुचत नव्हतं. "मी बरी होईपर्यंत खुर्चीवर बसणार नाही. दुसरं माणूस बघा," असं सांगून ताईंनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. घरी येऊन तेच सगळं नवऱ्याला सांगितलं. त्याने दुसऱ्याच दिवशी दुकानातून सुटी घेतली.

डॉक्टरीण वयाने लहान होती, पण बोलायला सरळ. आधी तपासण्या करून पोटात जंतू नाहीत याची खात्री केली आणि मग दुर्बिणीतून आतडं बघितलं. नंतर तिने पडद्यावर चित्रं दाखवली. गुळगुळीत गुलाबी असायला हवं तिथे सोलवटलेल्या गुडघ्यासारखं लाल, ठिपक्याठिपक्याने रक्त येणारं काहीतरी होतं. ताई बघत राहिल्या. हे आपल्या आत आहे? हे घेऊन आपण पोरांना पाण्यावर तरंगायला शिकवत होतो?

"याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात," डॉक्टरीण म्हणाली. "मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. शरीराची स्वतःचीच फौज स्वतःवर उलटते म्हणा. तुम्ही काही चुकीचं खाल्लंत म्हणून हे झालेलं नाही. बाकी कुठली औषधं घेता?"

ताईंनी खिशातून पट्टी काढून समोर ठेवली. "ही एवढीच. खांद्यासाठी."

"रोज?"

"दोनदा. कधी तीनदा."

डॉक्टरणीने पट्टी उचलली आणि सरळ आपल्या टेबलाच्या खणात टाकली. "आजपासून ही बंद."

"अहो, पण ती सुजेवरचीच गोळी आहे ना?" ताईंचा आवाज चढला. "तुम्ही म्हणता आतड्याला सूज आहे, मग सुजेवरची गोळी बंद कशाला?"

"ही खांद्याची सूज उतरवते, पण आतड्याच्या अस्तराचं रक्षण करणारं जे काही असतं तेही काढून घेते. हा आजार त्या गोळीनेच झाला असं मी म्हणणार नाही, तसं ठामपणे कोणालाच सांगता येत नाही. पण आजार असलेल्या आतड्यावर ती रोज दोनदा गेली, म्हणजे आगीत तेल पडत होतं असं समजा."

ताई त्या खणाकडे बघत राहिल्या. आपल्याच हाताने. पाण्याच्या घोटाबरोबर. पोट जास्त दुखलं त्या दिवशी तर त्यांनी पोटासाठी म्हणूनही तीच गोळी घेतली होती. शेजारी नवऱ्याने चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो पुसतच राहिला.

मग डॉक्टरणीने खरी औषधं समजावून सांगितली. मेसालामाइन नावाची गोळी. हीसुद्धा सुजेवरचीच, पण आतड्यात पोचेपर्यंत न विरघळणारी, म्हणून फोडायची नाही, चावायची नाही. सूज भडकलेली आहे तोवर सोबत थोडे आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या, त्या सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करायच्या, मनाने एकदम सोडायच्या नाहीत. आणि झोपताना तेच मेसालामाइन द्रवरूपात, खालून.

"खालून?" ताई किंचाळल्याच.

"जखम जिथे आहे तिथे औषध थेट पोचतं."

"आणि हे सगळं किती दिवस?"

"स्टेरॉइड थोडे दिवस. खालचं औषध पुढे बघून कमी करू. मेसालामाइनची गोळी मात्र कायम."

"बरी झाले तरी?"

"बरं राहण्यासाठी. घरात कोणाला असा आजार आहे? आईवडील, सख्खी भावंडं?"

"आईवडील गेले. त्यांना असलं काही नव्हतं. एक भाऊ आहे," ताई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा कडू झाला. "तो ठणठणीत आहे. नको तितका."

भावाचा विषय घरात निघत नसे. दादा ताईंपेक्षा थोडा मोठा, घरांचे नकाशे काढायचा, त्याच गावात पलीकडच्या टोकाला राहायचा. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेली, ताई सारख्या पाण्यात म्हणून तो त्यांना बेडकी म्हणायचा. पुढे कधीतरी तो बदलला. कोणाकडे जेवायला येईना, आला तर घास दोन घास खाऊन उठायचा. चांगली नोकरी सोडून घरातून काम करायला लागला. कपडे सदा कडक इस्त्रीचे, हातात सदा एक चामड्याची बॅग, अगदी लग्नघरातसुद्धा. नातेवाईक म्हणाले, शिष्ट झाला. ताईही तेच म्हणायला लागल्या. आणि बाबांचं दुखणं विकोपाला गेलं, ताई दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून होत्या, तेव्हा हा आलाच नाही. निरोपावर निरोप गेले, उत्तर एकच, काम आहे. आला तो सगळं संपल्यावर, पूर्ण बाह्यांचा पांढराशुभ्र शर्ट घालून. ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आलास? इस्त्री छान बसलीय." त्यानंतर दोघांमध्ये बोलणं असं उरलंच नाही.

औषधं सुरू झाली. स्टेरॉइडने ताईंचा चेहरा पुरीसारखा टम्म फुगला असं नाही, पण आरशात बघून त्यांना वाटे की कोणीतरी आपल्याला पंपाने हवा भरली आहे. भूक अशी की नवऱ्याच्या ताटाकडेही त्यांची नजर जायची. "चष्मा लावून देऊ का?" तो म्हणायचा. "माझं ताट कुठलं आणि तुझं कुठलं ते नीट दिसेल." खालचं औषध घ्यायला पहिले काही दिवस ताई रडल्या, मग चिडल्या, मग दात घासावेत तसं घ्यायला लागल्या. रक्त आधी कमी झालं. मग एके सकाळी त्या उठून बघतात तर काहीच नाही. स्वच्छ. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि हुंदका देऊन रडल्या. नवरा बाहेरून दार बडवत राहिला, "काय झालं? काय झालं?" आणि ताईंना सांगता येईना की काही झालं नाही म्हणून रडतेय.

स्टेरॉइड ठरल्याप्रमाणे कमी होत होत बंद झालं. ताई तलावावर जायला लागल्या, फक्त शिकवायला, खुर्चीवर नाही. पोटात पीळ नाही, रक्त नाही, चारचौघांसारखं जेवण. आणि मग जे व्हायचं तेच झालं. गोळी विसरायला लागली. एखाद्या दिवशी विसरायची, एखाद्या दिवशी आठवूनही राहायची. निरोगी माणसाने रोज उठून गोळ्या काय गिळायच्या?

पट्टी संपली म्हणून त्या औषधांच्या दुकानात गेल्या. दुकान चालवणाऱ्या बाई साऱ्या भागाच्या मावशी. मावशींनी फडताळ धुंडाळलं आणि मान हलवली. "संपली की गं. नवीन माल पुढच्या आठवड्यात."

ताईंना खरं तर सुटल्यासारखं वाटलं. "राहू द्या मग मावशी. नाहीतरी आता मी बरीच आहे."

मावशींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "बरी आहेस ती या गोळीने आहेस. जायचं नाही. थांब इथे." त्यांनी फोन उचलला. "माझं एक नेहमीचं गिऱ्हाईक आहे. हीच गोळी, हाच डोस. आज सकाळीच शेवटचे दोन डबे त्यांनी नेले. एक न उघडलेला परत देतील का विचारते, त्यांना मी माल आल्यावर देईन." फोनवर त्या थोडं बोलल्या आणि ताईंना म्हणाल्या, "जवळच आहेत म्हणे. येतायत घेऊन. भला माणूस आहे हो, कधी गोळी चुकवत नाही."

ताई काउंटरला टेकून बसल्या. दुकानात खोकल्याची बाटली घ्यायला एक आजोबा आले, गेले. मग दाराची काच ढकलून एक माणूस आत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात चामड्याची बॅग. त्याने बॅगेतून डबा काढला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "हा घ्या मावशी. कोणाला हवाय?"

मावशींनी बोट दाखवलं.

दादा वळला. दादाच्या तोंडाचा आ झाला तो तसाच राहिला. त्याने डब्याकडे बघितलं, ताईंच्या अजून थोड्या फुगीर चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा डब्याकडे बघितलं.

"बेडके," तो म्हणाला, "तुला?"

दुकानाबाहेर एक बाकडं होतं. दोघं तिथे बसली. समोरून वाहनं जात होती.

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"नोकरी सोडली त्याच्या आधीपासून. सोडली ती त्याच्यामुळेच. साहेबांच्या बैठकीतून तीनदा उठलो, चौथ्यांदा उठता आलं नाही." तो स्वतःशीच हसला. "ही बॅग बघून तू काय काय बोललीस. यात एक पँट असते, एक शर्ट, साबण. आता वर्षानुवर्षं लागली नाही, पण ठेवायची सवय जात नाही. नकाशा काढतानाही मी आधी संडास काढतो आणि मग त्याच्याभोवती घर."

ताईंना हसू फुटलं आणि ते हसू मध्येच मोडलं. "आणि बाबांच्या वेळी?"

दादा खाली बघत राहिला. "त्याच्या आधी चांगलं वर्षभर मी ठणठणीत होतो. वाटलं, कशाला हव्यात रोज गोळ्या? सोडल्या. मनानेच. थोडे दिवस काही झालं नाही, आणि मग असं उसळलं की मला दाखल करावं लागलं. बाबा तुझ्याजवळ त्या दवाखान्यात आणि मी गावाच्या या टोकाला दुसऱ्या दवाखान्यात. रक्त चढवत होते. तुझ्या वहिनीला मी शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही. बाबा गेल्याचं कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातापाया पडून दोन तासांची सुटी घेतली. कपडे वहिनीने आणले, तिथेच बदलले. हाताला सलाईनची सुई तशीच होती. म्हणून पूर्ण बाह्या."

ताईंना तो दिवस आठवला. त्या दिवशी किती उकडत होतं. तो पांढरा शर्ट, बटणं लावलेल्या बाह्या, आणि खाली पट्टीने चिकटवलेली सुई. आपण काय बोललो, किती लोकांदेखत, आणि नंतर वर्षानुवर्षं जो भेटेल त्याला तेच वाक्य कसं हसून हसून सांगितलं. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला.

आणि मग अचानक त्यांना संताप आला, इतका की बाकडं हललं.

"मग सांगितलं का नाहीस? अरे, सख्खी बहीण ना मी? तू एक शब्द बोलला असतास तर पहिलं रक्त दिसलं तेव्हाच मला कळलं असतं! मी मलमं लावत बसले! सुजेच्या त्या भलत्या गोळ्या खात बसले! माझ्या तलावात एक बाई मरता मरता वाचली, दादा! मी संडासात होते आणि ती बुडत होती!"

रस्त्याने जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. त्या बाईबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. ताईंनी सगळं सांगितलं तसा तो ऐकता ऐकता आणखी आणखी आक्रसत गेला.

"लाज वाटली गं," तो म्हणाला. "दुसरं काही कारण नाही. शिष्ट म्हटलेलं चालेल, हे नको, असं वाटलं. तुलाही होऊ शकतं हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, बेडकीला काय होणार."

मग दादाने विचारलं, "तू तरी नीट घेतेस ना गोळ्या?"

"आज सोडणारच होते," ताई म्हणाल्या. "मावशींनी जाऊ दिलं नाही."

दादाने डबा त्यांच्या हातात कोंबला. "इथेच घे. माझ्यासमोर." त्याने बॅगेतून पाण्याची बाटली काढली. ताईंनी भर रस्त्यात, भावासमोर, गोळी घेतली.

त्यानंतर ताईंनी गोळी चुकवली नाही. खांद्यासाठी डॉक्टरणीने व्यायाम सांगितला, शेक सांगितला. दुखतो तो अजूनही, पण दुखण्यावरची कुठलीही गोळी त्या तिला विचारल्याशिवाय घेत नाहीत. पुढच्या तपासणीत पडद्यावर गुलाबी, शांत आतडं दिसलं तेव्हा त्यांना आधी वाटलं, दुसऱ्या कोणाची चित्रं लागली. व्यवस्थापकांनी खुर्चीसाठी एक जादा माणूस नेमला, आणि आता कोणीही उठलं, कशासाठीही, तरी आधी शिट्टी होते. ताईंनीच तसा हट्ट धरला. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी त्या जाऊन आल्या. बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत, बरं केलंत. पण मी आता पाण्यात उतरणार नाही." त्या बाई तलावावर परत आल्या नाहीत. ताईंना ते अजून लागतं.

दादा एका रविवारी घरी आला. वहिनी सोबत होती, ती आल्या आल्या ताईंच्या गळ्यात पडून रडली, इतकी वर्षं तोंड दाबून बसली होती बिचारी. जेवणं झाली. नवरा आणि वहिनी आत भांडी आवरत होते. दादा पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसला होता.

"बेडके, एक विचारू? बाबा शेवटी काही म्हणाले होते का?"

बाबा म्हणाले होते. आणि त्यांनी ते रागाच्या भरात आजवर आपल्याजवळच ठेवलं होतं.

"गेले त्या दिवशी सकाळी त्यांनी नखं कापून मागितली," त्या हळूच म्हणाल्या. "मी कापत होते. मध्येच त्यांनी तुझं विचारलं. मी चिडून म्हटलं, येतोय, त्याला सवड झाली की. तर म्हणाले, 'त्याला घाई करू नको म्हणावं. त्याचा चेहरा बरा दिसत नव्हता मागच्या वेळी. पोटाचं काहीतरी असणार, मला सांगत नाही.'"

दादाच्या हातातलं पाणी हिंदकळून त्याच्या शर्टावर सांडलं. ते त्याला कळलंही नाही.

"बाबांना माहीत होतं?"

"अंदाज होता असं दिसतंय. मला तेव्हा कळलं नाही ते काय म्हणतायत. मला वाटलं, तुझी बाजू घेतायत."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. दादाने पेला खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि ताईंच्या अगदी समोर येऊन बसला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग. नखं कापत होतीस इथपासून."